मालकांचे प्रश्न : कामगार कायदे बदलत असताना मस्टर कसे सांभाळायचे?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि केंद्राचे २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हापासून छोटे कारखानदार, दुकानदार आणि सेवा व्यावसायिक यांचे प्रश्न वाढले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतल्या काहींची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : आमचा यंत्रभाग बनवण्याचा बावीस माणसांचा कारखाना आहे. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर 'नवा कायदा लागू' असा काहीतरी संदेश येतो. २०२१ मध्ये अशाच बातमीवरून आम्ही सगळ्यांचे पगार नव्याने बसवले आणि पुढे काहीच झाले नाही. बातमी खरी की नाही हे कसे ओळखायचे?
– कारखानदार, कोल्हापूर

उत्तर : तुमची फसगत झाली ती तारखेमुळे. वेतन संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली आणि बाकीच्या तीन २०२० मध्ये. पण मंजूर होणे आणि अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारही संहितांच्या पहिल्याच कलमात लिहिले आहे की केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवील त्या दिवशी ही संहिता अमलात येईल. तो दिवस उगवायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात दर एप्रिलच्या तोंडावर 'यंदा नक्की' अशी हवा उठायची.

संदेश आला की आधी तो कोणत्या पायरीवरचा आहे ते बघा. विधेयक म्हणजे नुसता प्रस्ताव. ते मंजूर होऊन राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती मिळाली की अधिनियम होतो, पण त्याला अमलाची तारीख मिळालेली असेलच असे नाही. अध्यादेश मात्र ताबडतोब लागू होतो. विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो संपतो, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवायची. त्यानंतर येतात नियम, आणि सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. नियमांचा आधी मसुदा प्रसिद्ध होतो. त्यात 'हरकती व सूचना' हे शब्द असतात आणि त्या पाठवायला मुदत दिलेली असते. केंद्राने ३० डिसेंबर २०२५ ला संहितांच्या नियमांचे मसुदे काढले तेव्हा अनेकांनी ते अंतिम नियम समजून पुढे पाठवले. मसुदा वाचून तयारी करावी, पण पगारपत्रकाला हात लावू नये.

शेवटची पायरी परिपत्रकाची. परिपत्रक खात्याचे म्हणणे सांगते, कामाची पद्धत सांगते, पण कायद्यात नसलेले नवे बंधन घालू शकत नाही.

आता तुमच्यापुरता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नियम केंद्राचे आहेत की राज्याचे? संहितांत 'समुचित शासन' अशी संज्ञा आहे. रेल्वे, बँका, विमा, खाणी, तेलक्षेत्रे, मोठी बंदरे, दूरसंचार, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी ते केंद्र सरकार. तुमचा खाजगी कारखाना, दुकान, दवाखाना, क्लास यांच्यासाठी महाराष्ट्र शासन. म्हणजे वेतन, कामाचे तास, नोंदवह्यांचे नमुने याबाबत दिल्लीच्या नियमांवरून तुमचा हजेरीपट बदलायचा नाही, राज्याचे नियम बघायचे. पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांच्यापुरते मात्र केंद्राचेच चालते. संहितांशी जिथे विसंगत नाहीत तिथे जुने नियम चालू राहण्याची तरतूदही संहितांतच आहे. त्यामुळे 'जुने सगळे रद्द' हे वाक्य दिसले की तो संदेश तिथेच सोडून द्यायला हरकत नाही.

अधिसूचना हातात आली की तीन ठिकाणी नजर टाका : वर क्रमांक आणि दिनांक, मध्ये कोणत्या कलमाखाली ती काढली आहे, आणि अंमल कधीपासून. क्रमांक नसलेला कागद कितीही सरकारी दिसला तरी त्यावर पगार बदलू नका.

प्रश्न : हे सगळे बघायचे कुठे आणि कधी? आमच्याकडे एचआर विभाग नाही. हिशेब बघणाऱ्या बाईच पगार करतात.
– छापखाना, नाशिक

उत्तर : एचआर विभाग लागत नाही. महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास आणि एक वही पुरते. केंद्रासाठी भारताचे राजपत्र, राज्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्र आणि शासन निर्णयांचे संकेतस्थळ, कामगार आयुक्तालयाचे 'महाकामगार' संकेतस्थळ, आणि पीएफ व ईएसआय संघटनांची परिपत्रकांची पाने, एवढी ठिकाणे बघायची. राज्य राजपत्रात कामगार विभागाच्या अधिसूचना भाग एक-ल मध्ये असतात. इतर भाग उघडत बसलात तर वेळ जाईल.

वहीत प्रत्येक बदलाला एक ओळ : अधिसूचनेचा क्रमांक, अमलाची तारीख, आपल्याला लागू की नाही आणि का, पगारपत्रकातला कोणता रकाना बदलला, कोणी बदलला. 'लागू नाही' हेही कारणासह लिहायचे. पुढच्या वर्षी माणसे वाढली की तीच ओळ कामाला येते, आणि अधिकारी आला तर आपण डोळे मिटून बसलो नव्हतो हे दाखवता येते.

काही बदल अचानक येत नाहीत, त्यांचे दिवस ठरलेले आहेत. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारी रक्कम) वर्षातून दोनदा बदलतो, १ जानेवारी आणि १ जुलैला. पत्रक हातात यायला उशीर झाला तरी भत्ता त्याच तारखेपासून लागतो. त्यामुळे मधल्या दिवसांचा फरक काढून द्यावा लागतो, आणि हा फरक विसरणे ही तपासणीत सर्वांत सहज सापडणारी चूक आहे. नवा दर आला की नुसता मूळ आकडा बदलून थांबू नका. ओव्हरटाइमचा दुप्पट दर त्यावरून ठरतो. बोनस काढताना धरायची रक्कम ७,००० किंवा किमान वेतन यांपैकी जी जास्त ती असते, म्हणून बोनसही हलतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल ही वर्गवारी आणि तुमचे परिमंडळ (किमान वेतनासाठी ठरवलेला भाग) जुनेच धरले आहे का तेही याच वेळी तपासा. मदतनीस म्हणून आलेला मुलगा तीन वर्षांत यंत्र चालवू लागतो आणि कागदावर मात्र अकुशलच राहतो.

जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीची कपात असते. भरणा अनुक्रमे १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत. २०२४ मध्ये हे दर बदलले : कामगाराचे २५ रुपये, मालकाचे ७५, दर सहा महिन्यांनी. पूर्वीचे १२ आणि ३६ ज्यांच्या संगणकात बसलेले होते त्यांनी तसेच भरले असेल तर फरक अजून बाकी आहे. रक्कम किरकोळ असते म्हणून कोणी बघत नाही, आणि किरकोळ रकमांच्या थकबाकीचाच पत्रव्यवहार जास्त चालतो. व्यवसाय करातही तसेच. १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. त्यांच्या पगारातून २०० रुपये अजून कापले जात असतील तर ते परत करा. पुरुषांना ७,५०१ ते १०,००० ला १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३०० हे आहे तसेच आहे.

बदल अंगावर येणारेच असतात असेही नाही. पीएफ उशिरा भरल्यास लागणारी नुकसानभरपाई पूर्वी उशिराच्या काळाप्रमाणे वर्षाला ५ ते २५ टक्क्यांपर्यंत जायची. १४ जून २०२४ पासून ती महिन्याला सरसकट १ टक्का झाली. १२ टक्के व्याज त्याशिवाय. जुन्या थकबाकीची नोटीस आली तर कोणता कालावधी कोणत्या दराने मोजला आहे ते तपासूनच पैसे भरा.

प्रश्न : 'मूळ पगार ५० टक्के करा' असे सगळे सांगतात. करायलाच हवा का? आणि केल्याने हातात पगार कमी येणार का?
– परिवहन व्यावसायिक, पुणे

उत्तर : मूळ पगार ५० टक्के करा असे संहितेत कुठेही लिहिलेले नाही. तिथे वेतनाची व्याख्या आहे. ती नीट वाचली तर अर्धी भीती जाते आणि उरलेली योग्य ठिकाणी लागते.

माणसाला मिळणारा सगळा मोबदला वेतन धरायचा. त्यातून काही ठरावीक बाबी वगळायच्या : घरभाडे भत्ता, वाहन भत्ता, मालकाचा पीएफचा वाटा, ओव्हरटाइम, कमिशन, कायद्याने द्यायचा बोनस, कामाच्या स्वरूपामुळे येणारा खास खर्च भागवण्यासाठीची रक्कम वगैरे. या वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जेवढे जास्त तेवढे परत वेतनात मिळवायचे. ग्रॅच्युइटी आणि कामगार कपातीची भरपाई या बेरजेत धरायची नाही.

एक उदाहरण घेऊ. मूळ पगार १०,०००, घरभाडे १२,०००, वाहन भत्ता ६,८००, मालकाचा पीएफ १,२००. एकूण ३०,०००. वगळलेल्या बाबी २०,०००. निम्मे म्हणजे १५,०००, म्हणून ५,००० परत वेतनात. वेतन झाले १५,०००, पगारचिठ्ठीवर मूळ पगार १०,०००च राहिला तरी. पीएफ आता १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८००. कामगाराच्या हातात ६०० कमी येणार, मालकाचेही ६०० वाढणार. मालकाने ते स्वतः सोसले तर एकूण ३०,६०० होते, वेतन १५,३००. पण पीएफची सक्ती १५,००० च्या मर्यादेपर्यंतच असल्याने भरणा १,८००च राहतो. ज्यांचा पीएफ आधीच १५,००० वर कापला जातो त्यांच्या हातातल्या पगाराला या व्याख्येने पीएफपोटी धक्का लागत नाही.

आता दोन गोष्टी ज्या सहसा सुटतात. पहिली 'विशेष भत्ता', म्हणजे किमान वेतनावरचा नव्हे, पगारचिठ्ठीतला. पगारचिठ्ठीत उरलेली रक्कम कुठेतरी दाखवायची म्हणून टाकलेला हा रकाना वगळलेल्या यादीत नाहीच. तो सरळ वेतन आहे. सर्वांना सरसकट दिलेल्या भत्त्यांवर पीएफ लागतो असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितले होते, त्यामुळे हे पूर्णपणे नवे नाही.

दुसरी गोष्ट ईएसआयची. वरच्या उदाहरणातला माणूस पूर्वी ईएसआयबाहेर होता, कारण घरभाडे धरून त्याचे २२,००० व्हायचे आणि मर्यादा २१,००० ची आहे. नव्या व्याख्येत घरभाडे वगळले जाते, वेतन १५,००० येते आणि तो माणूस आत येतो. पगारपत्रकात २१,००० च्या थोडे वर असलेल्या प्रत्येकाचा हिशेब यासाठी नव्याने करावा लागेल. 'तो पूर्वीपासून बाहेर आहे' हे कारण चालणार नाही.

ग्रॅच्युइटीचा भार मात्र खरा आहे. ती शेवटच्या वेतनावर, वर्षाला १५ दिवस आणि भागाकार २६ ने अशी निघते. दहा वर्षांच्या नोकरीला १०,००० वर ५७,६९२ रुपये होतात, १५,००० वर ८६,५३८. फरक पुढच्या वर्षांपुरता नसून आधीच्या सगळ्या वर्षांचा असतो. शिवाय मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागते. अकरा-अकरा महिन्यांचे करार करून यातून सुटता येईल असे सुचवणारे भेटतील. त्याच खुर्चीवर तोच माणूस पुन्हा बसवलात तर ती अखंड नोकरी होती हे सिद्ध करायला हजेरीपटच पुरेल.

ओव्हरटाइम वगळलेल्या बाबींत मोडतो, म्हणून ज्या महिन्यात तो भरपूर झाला त्या महिन्यात निम्म्याची रेषा ओलांडली जाऊ शकते. हिशेब वर्षातून एकदा नाही, दर महिन्याला करायचा. पगाराच्या संगणकप्रणालीत हे सूत्र बसवून घ्या आणि पहिले तीन महिने हाताने पडताळा.

प्रश्न : शॉप अ‍ॅक्ट आता वीस माणसांच्या वरच लागू आहे असे ऐकले. आमच्या कापड दुकानात चौदाजण आहेत. म्हणजे आता रजा, सुट्ट्या, नोंदवह्या काही नको ना?
– दुकानदार, सांगली

उत्तर : ऐकलेत ते बरोबर, काढलेला अर्थ चूक. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ ची हद्द ऑक्टोबर २०२५ मध्ये अध्यादेशाने १० वरून २० कामगारांवर नेली. त्याच बदलात कामाचे तास ९ वरून १० आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांपर्यंत झाला. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर नोंदणीऐवजी फक्त व्यवसायाची सूचना द्यायची. गुमास्त्याची कटकट एवढ्यापुरती कमी झाली. मराठी देवनागरी फलकाचे बंधन लहान दुकानांनाही आहे, ते सुटलेले नाही.

पण तुमच्यावर एकच कायदा आहे असे थोडेच आहे? व्यावसायिक सुरक्षा संहिता १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि तीत दुकानही येते. त्या संहितेत रोजचे ८ तास आहेत. वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे (पूर्वी २४० दिवस लागत), आणि ३० दिवसांपर्यंत रजा पुढे नेता येते. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचे आहे. ज्या जुन्या माणसांना ते कधीच दिले नव्हते त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे होते. अजून दिले नसेल तर आज द्या, रुजू झाल्याची खरी तारीख लिहून. मागची तारीख टाकून सही घेण्याचा उद्योग करू नका. रजेचे रजिस्टर फेकू नका आणि आठ तासांवरच्या कामाला दुप्पट दर लावा, तेच सुरक्षित.

चौदा माणसांवर आणखी काय काय येते ते एका दमात सांगतो. वेतन संहिता एका माणसालाही लागू. कामगार कल्याण निधी ५ पासून. ईएसआय, ग्रॅच्युइटी, प्रसूती लाभ आणि लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती १० पासून. पीएफ आणि तक्रार निवारण समिती २० पासून. पाळणाघर ५० पासून. स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे लेखी नियम) ३०० पासून.

ही यादी आम्ही मुद्दाम आकड्यांवर लावली. लहान मालकाला नव्या कायद्यापेक्षा जुन्याच कायद्याची हद्द नकळत ओलांडल्याचा फटका जास्त बसतो. दिवाळीसाठी सहा माणसे वाढवली की चौदाचे वीस होतात आणि पीएफ चालू होतो. हंगाम संपून पुन्हा चौदा राहिले तरी तो बंद होत नाही. ईएसआय आणि ग्रॅच्युइटीलाही हाच न्याय. मोजताना कंत्राटदाराने पाठवलेला रखवालदार आणि सफाईवाली बाई यांना विसरू नका. पीएफसाठी तीही मोजली जातात. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेला शिकाऊ पीएफसाठी मोजत नाहीत, पण लैंगिक छळविरोधी समितीसाठी मोजतात. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला मस्टरच्या वरच्या कोपऱ्यात माणसांचा आकडा लिहायची सवय लावा.

प्रश्न : नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन दिवसांत कसा करायचा? आमची पद्धत ४५ दिवसांची आहे.
– सॉफ्टवेअर सेवा कंपनी, ठाणे

उत्तर : पद्धत बदलावी लागेल. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा, बडतर्फी, कामगार कपात किंवा आस्थापना बंद होणे, कारण काहीही असो, वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचे आहे. मासिक पगारही पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. 'आमच्याकडे १० ला होतो' हे आता कोणालाच चालणार नाही.

दोन दिवसांत हिशेब होत नाही, कारण आपण तो शेवटच्या दिवशी सुरू करतो. राजीनामा आला त्याच दिवशी सुरुवात करा. रजेची शिल्लक, उचल, बाकी प्रवासखर्च यांचा कच्चा हिशेब पहिल्या आठवड्यात त्या माणसाला ईमेलने दाखवून मान्य करून घ्या. लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत ताब्यात घ्या. 'ना हरकत' वर पाच विभागांच्या सह्या गोळा करण्याची प्रथा असेल तर ती एकाच्या सहीवर आणा, खरी अडचण बहुतेक तिथेच असते. बँकेत मासिक पगाराशिवाय एखादा सुटा भरणा करता येईल अशी सोय ठेवा. शेवटच्या महिन्याची आयकर कपात तोवरच्या आकड्यांवर काढा.

वस्तू परत आली नाही म्हणून सगळा पगार अडवता येत नाही. सर्व कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, आणि नुकसानभरपाई कापण्याआधी त्या माणसाला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ३० दिवसांची. ती या दोन दिवसांत मिसळून घोटाळा करू नका.

प्रश्न : कंत्राटदार दर महिन्याला पीएफचे चलन देतो. आमची जबाबदारी तिथे संपते ना?
– अन्नप्रक्रिया उद्योग, जळगाव

उत्तर : संपत नाही. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मुख्य मालकाने, म्हणजे तुम्ही, द्यायचे आणि मग त्याच्याकडून वसूल करायचे, ही रचना संहितेतही कायम आहे. कंत्राटी कामगारांची तरतूद ५० किंवा अधिक कंत्राटी कामगारांना लागू आहे. मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणसे लावायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. सफाई, रखवाली, कँटीन, चढउतार यांसारखी कामे मुख्य कामात धरली जात नाहीत.

नुसते चलन म्हणजे पुरावा नव्हे. कंत्राटदाराची माणसे चार ठिकाणी असतात आणि चलन एकच असते, त्यातली तुमची किती हे कळत नाही. चलनाबरोबर त्या महिन्याची नावनिहाय ईसीआर (पीएफचे मासिक ऑनलाइन विवरण) यादी मागा आणि तुमच्या गेटच्या हजेरीपटाशी नाव, यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक) आणि दिवस ताडून बघा. गेटवर ३२ नावे आणि यादीत २६ असतील तर बिल तिथेच थांबवा. यादीत प्रत्येकाचे दिवस बारा-पंधराच दिसत असतील तर वेतन तोडून पीएफ वाचवला जातो आहे असे समजा. पगार बँकेतून गेल्याचे विवरण, ईएसआयची यादी आणि त्या महिन्याचा किमान वेतनाचा दर, हे तीन कागद मिळाल्यावरच बिल मंजूर करायचे, असे करारातच लिहा. किमान वेतनावरचा विशेष भत्ता बदलला की कंत्राटाचा दर आपोआप वाढेल हे कलमही टाका. नाहीतर जानेवारीचा फरक कंत्राटदार कामगाराच्याच खिशातून काढतो.

प्रश्न : अकरा कर्मचारी, त्यांत दोनच स्त्रिया. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती कशी बनवायची?
– वास्तुविशारद कार्यालय, औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर

उत्तर : समितीत किमान चौघे लागतात : वरिष्ठ पदावरची स्त्री अध्यक्ष, कर्मचाऱ्यांतले दोन सदस्य, आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार अशी एक बाहेरची व्यक्ती. निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. तुमच्या दोघींतली वरिष्ठ अध्यक्ष, दुसरी सदस्य, एक पुरुष कर्मचारी आणि बाहेरची सदस्य स्त्री घेतली की जमले. कार्यालयात वरिष्ठ स्त्री नसेल तर तुमच्याच दुसऱ्या कार्यालयातली चालते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. ही तारीख बहुतेक ठिकाणी उलटून गेलेली असते आणि मग तक्रार आली की चौकशीच अवैध ठरण्याची वेळ येते. वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो, तक्रार शून्य असली तरी. समिती न नेमल्यास दंड ५०,००० रुपयांपर्यंत.

प्रश्न : सगळे काम सल्लागाराकडे दिले आहे. चूक त्याची झाली तर?
– उपाहारगृह चालक, रत्नागिरी

उत्तर : नोटीस तुमच्या नावाने येते. वेतन कमी दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदवह्या न ठेवण्यासारख्या इतर चुकांत पहिल्या वेळी निरीक्षकाने (आता त्याला 'निरीक्षक-नि-सुविधाकार' म्हणतात) खटल्याआधी लेखी सूचना देऊन दुरुस्तीची संधी द्यायची आहे. ती सूचना सल्लागाराच्या ईमेलवर पडून राहिली तर संधी गेली. म्हणून पीएफ, ईएसआय आणि कामगार विभागाच्या खात्यांना तुमचाच मोबाइल आणि ईमेल जोडा, सल्लागाराचा नाही. करारात 'बदल कळवणे' हे काम नावासकट लिहा. तसे लिहिलेले नसेल तर तो फक्त चलने भरायला बांधील असतो.

प्रश्न : एका कामगाराचे वेतन जूनमध्ये २०,५०० वरून २२,००० केले. जुलैपासून ईएसआय बंद करू का?
– फाउंड्री, सातारा

उत्तर : नाही. ईएसआयचे वर्गणी कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. कालावधीच्या सुरुवातीला जो आत होता तो त्याच्या शेवटापर्यंत आतच राहतो, आणि वर्गणी पूर्ण २२,००० वर कापायची, २१,००० वर नाही : कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १६५ रुपये, तुमचे ३.२५ टक्के म्हणजे ७१५. नव्या व्याख्येप्रमाणे काढलेले वेतन १ ऑक्टोबरलाही २१,००० च्या वर असेल, तरच ऑक्टोबरच्या पगारापासून थांबवा. वाढ मागील तारखेपासून दिली असेल तर फरकाच्या रकमेवरची वर्गणीही भरा.